बरणीला सोन्या, मला आवं

मी बरणीवर जळतो असं गावात बोलत्यात. बोलू द्या. माणूस भावकीवर जळंल, शेजाऱ्यावर जळंल, बरणीवर कोण जळंल? मी सयाजी, फौजेत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून सुटलेला गडी, आन् मी एका काचंच्या बरणीवर जळू व्हय? पर तुमी सगळं ऐका आन् मग सांगा, माझ्या जागी तुमाला काय वाटलं असतं.

माझी बायको माया सकाळी उठती. तोंड धुती, देवाला हात जोडती, आन् सैपाकघरातल्या फळीवरच्या बरणीचं फडकं सोडती. आत वाकून बघती आन् म्हणती, "उठलास का, सोन्या? भूक लागली?" मग बरणीला चमचाभर साखर, चमचाभर किसलेलं आलं. लाकडी चमच्यानं हळू ढवळायचं, परत फडकं बांधायचं. एवढं सगळं झालं की मग माझा चहा. आन् मला हाक काय? "आवं." लगीन झाल्यापास्नं "आवं". बरणीला सोन्या, मला आवं. आता बोला!

बरणीत काय हाय म्हणाल तर आलं, साखर आन् पाणी. तिसऱ्या माणसाला दाखवलं तर म्हणंल गढूळ पाणी हाय. पर आल्याच्या सालीवर यीस्ट असतंय म्हणं, डोळ्याला न दिसणारं, जितंजागतं. ते साखर खातंय आन् हवा सोडतंय. मग बुडबुडं वर येत्यात, बरणी फसफसती. त्यातलं वाटीभर पाणी आल्याच्या न्हाईतर स्ट्रॉबेरीच्या सरबतात घालून बाटली बंद ठेवली की सोड्यागत सरबत तयार. पैला घोट घेतला की नाकात झिणझिण्या येत्यात. चव चांगली हाय, ते मी नाकारत न्हाई.

हे खूळ घरात आणलं धम्मपालनं. धम्मपाल पाचगणीचा. पैलं तिथल्या एका शाळंच्या मेसमधी आचारी होता, आता टेबललँडच्या रस्त्याला त्याचं सोताचं दुकान हाय, पाव, बिस्किटं, सरबतं असलं विकतो. वाईला बचत गटाच्या बायांचं ट्रेनिंग झालं तवा त्यानं समद्यांना बरणी लावायला शिकवली. बाकीच्या बायांनी महिन्याभरात बरण्या मोरीत ओतल्या. आमच्या हिची तेवढी टिकली. मग चालू झालं फोन. "मायाताई, बुडबुडं किती? मायाताई, वास कसा येतोय?" आता ताई म्हणतो, हे मला मान्य हाय. पर हसून म्हणतो. आन् ही बी हसती! मी काश्मिरातनं फोन करायचो तवा ही एवढी हसल्याचं मला तरी आठवत न्हाई. मी सोप्यात पेपर तोंडापुढं धरून बसायचो, आन् एक अक्षर डोक्यात शिरत न्हवतं. 

यंदा स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात आला आन् धम्मपालचा परत फोन. म्हणाला, ताई, पुढच्या रविवारच्या गर्दीला तुमचं सरबत माझ्या दुकानात लावू, जेवढ्या बाटल्या देशीला तेवढ्या, आन् बाटलीवर नाव तुमचंच घालू. माया फोन ठेवून पळतच सोप्यात आली.

"आवं, बाटलीवर माझं नाव!"

मी म्हणालो, "हं."

ती आत गेली. आतनं बोलण्याचा आवाज आला. बरणीला सांगत होती.

दुसऱ्याच दिवशी औंधवरनं, मायाच्या माहेरातनं सांगावा आला, सासूबाई अंगणात घसरून पडल्या, पाय प्लास्टरात घातलाय. मायाला जाणं भाग होतं. आमची पोरगी सांगलीला नांदती, तिची दहावीच्या वर्गावरची नोकरी, तिला काय निघता येईना. मग घरात मागं राहिलो मी आन् बरणी. पिशवी भरता भरता माया सांगाय लागली, "नीट ऐका. रोज सकाळी एक चमचा साखर, एक चमचा आलं. आलं सालीसकट किसायचं. परत आल्या आल्या मला सरबत लावायला घ्यायचंय, तवर ते जोमात पायजे. आन् त्याला कवा घट झाकण..."

"बास गं!" मी म्हणालो. "दारूगोळ्याचं कोठार सांभाळलंय म्या. बरणी सांभाळता येईना व्हय मला?"

तिनं पिशवीचं तोंड बांधलं. जाताना फळीपाशी गेली, बरणीवरनं हात फिरवला आन् म्हणाली, "येते हं, सोन्या." मला म्हणाली, "पीठ डब्यात हाय." निरोप कुणाचा घेतला बघा.

दुसऱ्या सकाळी मी रोजच्यागत पळायला जाऊन आलो, अंघोळ केली, सोताचा चहा सोता केला आन् बरणीपुढं उभा राहिलो. ती फसफसत होती. "भूक लागली?" म्हटलं. "लागू दे. मला बी लागत होती, बर्फात." आन् फडकं काय सोडलं न्हाई. संध्याकाळी मायाचा फोन. पैलाच प्रश्न, "सोन्यानं खाल्लं का?" मी काय खाल्लं, खाल्लं का न्हाई खाल्लं, त्याचा इचारच न्हाई! "खाल्लं," मी म्हणालो आन् फोन ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी बी तेच केलं.

मग एका सकाळी बघतो तर बुडबुडं कमी झालेले. कान लावला तर आवाज बारीक, मलूल. जरा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पर मग ती सोप्यात पळत आलेली डोळ्यापुढं आली. बाटलीवर माझं नाव म्हणत आलेली. ही बरणी बसली तर बाटली बी न्हाई आन् नाव बी न्हाई, आन् जबाबदार कोण, तर हवालदार सयाजी. 

आता उपाशी जवानाला काय देत्यात? डबल राशन. साखरंचा आमच्याकडं तोटा न्हाई. ऊस घालणाऱ्या सभासदाला कारखान्याची साखर मिळती, पोतं कोपऱ्यातच उभं होतं. आन् मुरंब्याला साखर सढळ असली की मुरंबा वरीसभर हलत न्हाई, हे आईच्या हाताखाली लहानपणापास्नं बघितलेलं. वाटीवर वाटी ओतली. आलं बी घेतलं चांगलं मूठभर. सालीला माती होती, म्हणून साल खरडून काढली आन् कढत पाण्यानं धुतलं. इन्स्पेक्शनला साहेब आला असता तर पाठ थोपटली असती असलं स्वच्छ. सगळं घालून ढवळलं आन् म्हटलं, "घे, खा."

संध्याकाळी बघितलं, गप. सकाळी बघितलं, गप. आत नुसता पाक झालेला, चमचा उभा राहावा असला, आन् एक बुडबुडा म्हणून न्हाई. मी बरणी हलवली, उन्हात ठेवली, दोन शिव्या बी घातल्या. पर मेलेल्याला शिव्या घालून काय होतंय?

आता माया येणार, बरणी बघणार आन् धम्मपालला फोन लावणार. तो नवं बियाणं, म्हंजे त्याच्या बरणीतलं जितं पाणी, देणार, आन् दोघं मिळून माझ्यावर हसणार. हे हसणं माझ्या कानात आधीच चालू झालं. त्यापरास मीच जाऊन गुपचूप आणलेलं काय वाईट, असा मी इचार केला. ज्याचं तोंड बघायचं न्हाई असं ठरवलेलं, त्याच्याच दारात हात पसरायला मी घाट चढून गेलो. अडला हरी म्हणत्यात ते खोटं न्हाई.

दुकानात धम्मपाल पाव कापत होता. पोट सुटलेला, टक्कल पडलेला माणूस. ह्याच्यावर मी इतके दिवस रक्त आटवत होतो व्हय, असं वाटलं. नाव सांगितल्याबरोबर तो सुरी ठेवून बाहेर आला.

"दाजी! आवं या, या, बसा. ताईंचा घसा बरा हाय का आता? लय बसला होता. फोनवर बोलवत न्हवतं त्यास्नी."

मी बसलो. घसा? तिचा घसा बसलाय? मी एका घरात ऱ्हातो तिच्यासंगं. माझ्या कानाला ते कळलं न्हाई, आन् ह्याला पाचगणीत बसून कळलं.

"बरा हाय," मी म्हणालो. माझाच आवाज बसल्यागत निघाला.

बरणीचं सांगितलं. मांजरानं पाडली म्हणून सांगितलं. त्यानं आतनं एका बरणीत बियाणं काढून आणलं, वर कापड बांधलं. "आताच साखर घातलीय, लय उड्या मारतंय. कापडच राहू द्या, दाजी," म्हणाला. पैसे घेतले न्हाईत. वर खायला गरम पाव दिला. माणूस वाईट असता तर मला बरं झालं असतं.

स्टँडवर आलो आन् इचार केला, घाटातली वळणं, कापड बांधलेली बरणी, सांडणार सगळं. माझ्या पिशवीत पाण्याची प्लॅस्टिकची बाटली होती. पाणी ओतून दिलं, बियाणं बाटलीत भरलं आन् टोपण आवळलं. फौजी हातानं आवळलेलं टोपण, दुसऱ्या कुणाला उघडायचं न्हाई. गाडी लवकर आली न्हाई. मी बाटली मांडीवर घेऊन उन्हात बसलो. मग गाडी आली, बसायला जागा मिळाली ती आमच्या आळीतल्या पारूबाईच्या शेजारी.

निम्मा घाट उतरलो असंल, मांडीवरची बाटली दगडागत कडक लागली. बघतो तर फुगलेली, बूड बाहेर आलेलं. आता फुटती का काय! मी घाबरून टोपण फिरवलं. अरारारा! असला फवारा उडाला, पार टपापर्यंत. माझं डोकं, मिशा, सदरा, पारूबाईचा पदर, पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपी, सगळं न्हाऊन निघालं. आन् वास? आंबूस, चढका, सरळ गुत्त्यात शिरल्यागत.

"आवं फौजी," पारूबाई पदर झटकत ओरडली, "भर दुपारी? आन् वर सांगत फिरता, मी रमला कवा हात लावला न्हाई म्हणून!"

"आल्याचं हाय ते, मावशी. आल्याचं!"

"व्हय व्हय. आलं घालून पित असशीला."

अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मामा, उलटी आली तर खिडकीतनं." बावीस वर्षं रमचा कोटा दुसऱ्याला वाटलेला माणूस मी, आन् गावच्या गाडीत बेवडा ठरलो. कुणामुळं? बरणीमुळं.

फाट्यावर उतरलो. पारूबाई माझ्याम्होरं सुटली. तिचं गुडघं त्या दिवशी कसं काय दुखलं न्हाईत देव जाणे. मी घराच्या वळणावर येतो तर दारात माया उभी. तिचा भाऊ बायकोला घेऊन पुण्यासनं आईजवळ आलेला, म्हणून ही ठरल्याआधीच परतलेली, आन् पारूबाई तिच्या कानाला लागून नुकतीच चाललेली.

"तोंड उघडा," माया म्हणाली.

"अगं पर..."

"उघडा!"

उघडलं. तिनं वास घेतला. मग सदऱ्याचा घेतला. "तोंडाला न्हाई, सदऱ्याला हाय. कुठं गेला होता?"

"पाचगणीला."

"धम्मपालदादाकडं? तुमी?"

मी बाटली पुढं केली. तळाला घोटभर उरलं होतं. ती तशीच आत गेली. मी मागनं गेलो. तिनं फळीवरची बरणी खाली घेतली, फडकं सोडलं, वास घेतला, बोट बुडवून चाखलं. मी उभा होतो, कोर्ट मार्शलला उभा राहावा तसा.

"किती साखर घातली?"

"पडली जरा."

"आवं किती?"

"वाट्या... मोजल्या न्हाईत. उपाशी होतं म्हणून."

"उपाशी का होतं?"

आता सापडलोच. आन् सापडलेला माणूस ओरडतो, तसा मी ओरडलो. "मी ठेवलं म्हणून! व्हय, मीच ठेवलं! सकाळी उठून त्याला सोन्या, मला आवं. त्याला आधी, मला मागनं. फोन केला तर त्यानं खाल्लं का. मी काय मेलोय व्हय गं? घरात मी बी हाय की! त्या टकल्याला तुझा घसा बसलेला कळतो, आन् तू हसती बी त्याच्याच फोनवर. मी जळतो, जा! ह्या बरणीवर जळतो मी!"

म्हणून टाकलं. गावात बोलत्यात ते खरं हाय, आता तुमाला बी कळलं.

माया हसंल असं मला वाटलं होतं. हसली न्हाई. बरणी मांडीवर घेऊन खालीच बसली.

"हे मेलं न्हाई," ती म्हणाली. "गोडानं गुदमरलंय. आधी उपाशी, मग एकदम एवढं, कसं झेपायचं त्याला? निम्मं काढून पाणी घातलं की उठंल." मग बरणीकडंच बघत म्हणाली, "तुमी सुट्टीला यायचा तवा असंच करायचा."

"काय केलं म्या?"

"महिनाभर नुसतं गोड. पेढं, साड्या, जत्रा, पावणेरावळे. आन् मग गाडीत बसलासा की वरीसभर काय न्हाई. त्या महिन्याच्या गोडावर म्या वरीस काढायचं. म्या कवा तोंडातनं शब्द काढला न्हाई, ड्यूटी हाय म्हणून. म्हटलं, एकदा कायमचं येत्याल मग रोजचं रोज बोलतील. आलासा. मी उठते तर तुमी पळायला गेलेलं. येता, तर तोंडापुढं पेपर. बाटलीवर माझं नाव म्हणून सांगायला आले, तुमी म्हणालासा, हं." तिचा आवाज खरंच बसलेला होता. मला तवा ऐकू आला. "हिला बोलले तर ही निदान बुडबुडं तरी सोडती."

 फौजेत चूक झाली की "सॉरी सर" म्हणून सॅल्यूट ठोकायचा. इथं सॅल्यूट कुणाला ठोकू? मी ओला सदरा काढला आन् मोरीत नेऊन धुतला. माया आत पाकात कोमट पाणी घालत होती. सालीसकट आलं किसल्याचा आवाज येत होता. 

पुढच्या सकाळी मी पळायला गेलो न्हाई. बूट दारात तसंच राहिलं. पेपरवाल्यानं पेपर टाकला, तो बी तिथंच. मी सैपाकघरात जाऊन उभा राहिलो. बरणीकडं चोरून बघितलं, तर कडंला एक बुडबुडा, बारीक, मग त्याच्या मागनं दुसरा. माया उठून आली. तोंड धुतलं, देवाला हात जोडले आन् फळीकडं वळली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो,

"उठलीस का?"

ती थांबली. "कुणाला इचारताय?"

"तुला." मग घाईनं म्हटलं, "घसा कसा हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं.  "दुखतोय अजून," म्हणाली, आन् पाट ओढून बसली. मी बी बसलो. मग तिनं घसा कवापास्नं धरलाय ते सांगितलं, सासूबाई प्लास्टरातनं बी सुनंला कशा शिव्या घालत्यात ते सांगितलं, रविवारपर्यंत किती बाटल्या निघतील आन् बाटलीवरचं नाव लाल अक्षरात बरं दिसंल का काळ्या, ते इचारलं. लाल, मी म्हणालो. आईच्या शिव्यांची नक्कल करताना ती हसली बी. फोनवर हसती तशीच हसली. बोलता बोलता तिनं बरणीचं फडकं सोडलं, गॅसवर चहा ठेवला. त्यात आधी बरणीला साखर पडली का आधी माझ्या कपात, ते बघायचंच माझ्याकडनं राहून गेलं.